पावसाची रेघ

ऑस्ट्रेलिया खंडाला चोहोंकडून समुद्राचा वेढा आहे. पण त्याच्या पोटात मात्र विस्तीर्ण वाळवंट आहे. उत्तरेकडे पाऊस उन्हाळ्यात पडतो, नैर्ऋत्येकडे हिवाळ्यात, आणि मध्यभागी अनेक ठिकाणी वर्षाकाठी दहा इंचही पडत नाही.

१८६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मोठे अवर्षण होते. चाऱ्यावाचून मेंढ्या मरत होत्या. तेव्हा तेथील भूमापन खात्याचा प्रमुख जॉर्ज गॉयडर घोड्यावर बसून पाहणीस निघाला. पावसाच्या जुन्या नोंदी फारशा नव्हत्या. म्हणून त्याने झाडाझुडपांनाच साक्षीस बोलाविले. जेथे निलगिरीच्या जातीची बुटकी झाडे संपून खारवट पानांची झुडपे सुरू होत, तेथे पावसाचा भरवसा संपला, असे समजून त्याने नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेस गहू पेरावा, उत्तरेस केवळ गुरे-मेंढ्या चाराव्यात, असा तिचा अर्थ.

पुढे काही वर्षे उत्तम पाऊस झाला आणि लोक गॉयडरची थट्टा करू लागले. नांगरामागून पाऊस येतो, अशी समजूतही पसरली! १८७४ साली सरकारने बंधन उठविले. अनेक कुटुंबे रेघ ओलांडून गेली. त्यांनी दगडी घरे बांधली, गहू पेरला. १८८० नंतर पावसाने पाठ फिरविली. पिके करपली आणि माणसे घरे सोडून परतली. ओसाड माळावर त्या घरांच्या भिंती आजही दिसतात. त्या शेतकऱ्यांना मूर्ख म्हणणे बरे नव्हे. त्यांनी पाहिलेला पाऊस खराच होता. पण चार-सहा वर्षांत पावसाचा स्वभाव कळत नाही.

या लहरीपणाचे एक मोठे कारण पॅसिफिक महासागरात आहे. तेथील पूर्वेकडून वाहणारे वारे उष्ण पाणी ऑस्ट्रेलियाच्या बाजूस लोटतात. त्यावर ढग जमतात. वारे मंदावले, की ते पाणी व ढग पूर्वेकडे सरकतात. यालाच 'एल निनो' म्हणतात. अशा वर्षी पुष्कळदा आपल्याकडील मोसमी पाऊसही कमी पडतो. वारे जोराने वाहू लागले, म्हणजे उलट घडते. २०१०-११ साली ऑस्ट्रेलियात इतका पाऊस झाला, की जगातील समुद्राची पातळी काही मिलिमीटरांनी उतरण्यास तोही कारण झाला.

नैर्ऋत्येची गोष्ट मात्र निराळी आहे. १९७० च्या सुमारापासून तेथील हिवाळी पाऊस घटतच गेला आहे. धरणांत पुरेसे पाणी येईना, तेव्हा पर्थ शहराने समुद्राचे पाणी गोडे करून पिण्यास आरंभ केला.