ससा वयात येतो तेव्हा

मुलांच्या हट्टापायी बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घरी येते. तीन-चार महिने सारे छान चालते. मग तोच गरीब ससा माणसांच्या पायांभोवती गोल गोल फिरू लागतो, घोगरा आवाज काढतो, पायाला मिठी मारून चावतो, भिंतीवर लघवीची पिचकारी उडवतो. "डॉक्टर, ससा पिसाळला की काय?" असे विचारत घाबरलेले पालक माझ्या दवाखान्यात येतात. बहुतेक वेळा माझे उत्तर एकच असते : ससा वयात आला आहे.

सशाचे पिल्लू साधारण साडेतीन ते सहा महिन्यांत वयात येते. नराच्या वृषणांतून व मादीच्या बीजांडकोशांतून संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, जोमाने स्रवू लागतात. त्यांच्या प्रभावाखाली जनावर आपली हद्द आखते. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास वस्तूंना चोळणे, लघवी उडवणे हे त्याचेच प्रकार. तुमच्या पायांभोवतीचे फेरे म्हणजे त्याचे प्रणयाराधन! मारल्याने ही खोड जात नाही. ससा भितो आणि अधिकच चावतो.

मादीची तऱ्हा वेगळी. गाय किंवा कुत्रीप्रमाणे ती ठरावीक काळाने माजावर येत नाही. समागमानंतर सुमारे १० तासांनी तिचे बीज सुटते, त्यामुळे ती बहुधा केव्हाही गाभण राहू शकते. ३० ते ३२ दिवसांत ती विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. 'दोन्ही माद्याच आहेत' या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, लिंग तपासून घ्या. कधी गर्भ नसतानाही मादी छातीचे केस उपटून घरटे करते. हे खोटे गाभणपण १६ ते १८ दिवसांत आपोआप ओसरते. तोवर तिला डिवचू नये.

मात्र प्रत्येक उडी कामोत्तेजनेची नसते. हवेत अंग मुरडून मारलेली उडी आनंदाची. मागचा पाय जमिनीवर आपटणे ही धोक्याची सूचना. अंग आखडून बसणे व दात करकरा खाणे हे वेदनेचे लक्षण. सशाने १० ते १२ तास काहीच खाल्ले नाही, लेंड्या बंद झाल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे निर्बीजीकरण. मादीच्या बाबतीत तो जीव वाचवणाराही आहे. शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. सशांची भूल देण्याचा अनुभव असलेला पशुवैद्यकच निवडावा. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्यामांजरासारखे सशाला उपाशी ठेवू नये. त्याला उलटी होत नाही, उलट उपासाने आतडी मंदावतात. नराला त्यानंतर चार ते सहा आठवडे मादीपासून दूरच ठेवावे, कारण तेवढे दिवस तो गर्भधारणा घडवू शकतो. वागणुकीतला फरकही काही आठवड्यांनीच दिसतो.

ससा माणसाला चावला, ओरबाडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हळद, चुना लावू नये.

शेवटी एक कळकळीची विनंती. त्रास होतो म्हणून ससा रानात सोडू नका. आपल्या रानातला ससा वेगळ्या जातीचा. त्याला पळणे आणि लपणे जन्मजात येते. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथे कुत्र्यामांजरांच्या तोंडी जातो. नीट सांभाळला तर तो आठ-दहा वर्षे जगतो. त्यातले वयात येण्याचे दिवस अगदी थोडे; तेवढे समजुतीने घ्यावेत.