बर्लिनचे हुतूतू : एक तपास

गुप्तहेरकथेला प्रेत लागते, अशी आपली समजूत असते. इतिहासाच्या गुप्तहेराला मात्र पुष्कळदा एखाद्या संशयास्पद वाक्यावरच भागवावे लागते. जोसेफाइन टे या लेखिकेच्या १९५१ सालच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ या कादंबरीतील पोलीस अधिकारी तर इस्पितळातील खाटेवर पडल्या पडल्या, चारशे वर्षांहून जुन्या राजपुत्रांच्या हत्येचा तपास निव्वळ कागदपत्रांवरून करतो. असेच एक वाक्य आपल्या वऱ्हाडातही आहे. वाशीमपासून अमरावतीपर्यंत कबड्डीच्या सामन्यांचे उद्घाटन असले की कोणी ना कोणी वक्ता ते उच्चारतोच : ‘१९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये कबड्डी खेळली गेली.’

हे खरे काय?

यातील मूळ घटना निर्विवाद आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला गेले आणि तेथे त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. विमानप्रवास दुर्मिळ असलेल्या त्या पारतंत्र्याच्या काळात एका जिल्ह्याच्या गावातील व्यायामशाळेने सातासमुद्रापार जावे, ही गोष्ट आजही छाती फुगविणारी आहे.

पण दुसरा साक्षीदार वेगळे बोलतो. त्या ऑलिम्पिकचा अधिकृत अहवाल १९३७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. पदकांविना, केवळ प्रदर्शनासाठी म्हणून त्या वर्षी अधिकृतपणे घेतलेले खेळ दोनच होते : बेसबॉल आणि ग्लायडिंग, म्हणजे इंजिनाविना विमान उडविणे. बेसबॉलचा सामना १२ ऑगस्टला अमेरिकेच्याच दोन संघांत झाला. या यादीत कबड्डी नाही. गंमत अशी की, चित्रकला, शिल्पकला, साहित्य यांच्या स्पर्धा मात्र त्या ऑलिम्पिकमध्ये अधिकृत होत्या आणि त्यांना पदकेही होती! (कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.)

मग कोणी खोटे बोलले काय? मुळीच नाही. ऑलिम्पिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये स्पर्धांखेरीज बरेच काही चालले होते. शारीरिक शिक्षणाच्या विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय शिबिर भरले होते, देशोदेशींची पथके आपापले व्यायामप्रकार दाखवीत होती. अमरावतीकरांची कामगिरी या दालनातली. खरा गुन्हेगार आहे तो ‘मध्ये’ हा शब्द. ‘ऑलिम्पिकच्या वेळी’ याचे कालांतराने ‘ऑलिम्पिकमध्ये’ झाले, आणि दोन अक्षरांत खेळाला मान्यता मिळून गेली.

दुसरा धागा ‘कबड्डी’ या नावाचा. आपल्या आजोबांच्या पिढीला हा खेळ ‘हुतूतू’ म्हणून ठाऊक होता. बंगालात तोच हाडुडू, तमिळ मुलखात चडुगुडू. त्या काळाविषयी सांगताना नंतरचे नाव सहजपणे वापरलेले दिसले, की सांगणारा मागाहून सांगतो आहे, हे तपासनीसाने ओळखावे.

बर्लिनची हवाच दंतकथांना मानवते, असे दिसते. १५ ऑगस्ट १९३६ रोजी भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरविले. त्यानंतर हिटलरने ध्यानचंदांना आपल्या सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला, ही कथा सर्वतोमुखी आहे. परंतु ध्यानचंदांच्या ‘गोल’ या १९५२ सालच्या आत्मचरित्रात तिचा उल्लेख नाही. एवढा प्रसंग घडला असता तर माणूस तो लिहावयाचा विसरला असता काय? असो.

हुतूतूला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखविली गेली, आणि १९९० साली बीजिंगला ती पदकाची स्पर्धा झाली. ते पहिले सुवर्णपदक भारताने जिंकले. त्या वाक्यात मात्र ‘मध्ये’ हा शब्द बिनदिक्कत वापरावा.