न मागितलेला मदतनीस



व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की एक निळं-जांभळं गोल कडं दिसतं. चुकून बोट लागलं की काहीतरी भलतंच उघडतं. धामणकर नाक्यावरच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जाऊन "दादा, एवढं हे काढून द्या" म्हटलं, तरी दुकानदार काही करू शकत नाही. ते पूर्णपणे काढून टाकायची सोय कंपनीनं ठेवलेलीच नाही.

हे कडं म्हणजे 'मेटा एआय'. व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिनं ते जून २०२४ मध्ये भारतात आणलं. प्रश्न विचारला की ते उत्तर लिहून देतं, सांगितलं तर चित्रही काढून देतं. कुणाला ते उपयोगी पडत असेल, त्याला आपली हरकत नाही. हरकत आहे ती न विचारता घरात येऊन बसण्याला. गूगलवर काही शोधलं तर सगळ्यात वर एआयनं लिहिलेलं उत्तर येतं. काही फोनमध्ये बंद करायचं बटण दाबून धरलं, तर फोन बंद होण्याऐवजी 'जेमिनी' बोलायला लागतो. सासूबाईंना फोन बंद करता येईना, यात त्यांची काही चूक नाही. बटणाचं कामच बदललेलं असतं.

कंपन्या असं का करतात? एआय बनवायला अफाट पैसा लागतो, आणि तो लावणाऱ्यांना "इतके लोक वापरतात" असं दाखवावं लागतं. मग आपण रोज उघडतो त्याच ठिकाणी ते आणून ठेवलं जातं, तेही आधीपासून चालू करून. सेटिंगमध्ये जाऊन बंद करणारे थोडेच असतात, हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं.

आता एक गैरसमज दूर करू या. "मेटा एआय तुमचे सगळे मेसेज वाचतं" असे फॉरवर्ड फिरतात. ते तसं नाही. तुमच्या आणि बहिणीच्या गप्पा कुलूपबंदच असतात. पण तुम्ही स्वतः एआयला जे विचारता, ते कंपनीकडे जातं. ग्रुपमध्ये कुणी '@' लावून मेटा एआयला हाक मारली, तर तो मेसेजही जातो. शिवाय १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा या प्रश्नोत्तरांचा उपयोग फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर कुणाला कोणत्या जाहिराती दाखवायच्या, हे ठरवायला करते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं त्यात धरलं जातं ते तुमचं खातं त्यांच्या 'अकाउंट्स सेंटर'ला जोडलेलं असेल तर.

म्हणून आधार कार्ड, पासबुकाचा फोटो, ओटीपी, डॉक्टरांचा रिपोर्ट, बचत गटातल्या बायकांची नावं आणि कर्जाच्या रकमा यातलं काहीही त्या कड्याला देऊ नका. पाळी चुकली, गोळी किती घ्यायची, असे प्रश्नही तिथे नकोत. ते उत्तर ठामपणे देतं, पण चुकतंही. आशाताई किंवा डॉक्टरांना विचारलेलं बरं.

आता काय काय बंद करता येतं ते सांगते.

व्हॉट्सअ‍ॅप : ग्रुप उघडा, वरच्या नावावर बोट ठेवा आणि खाली जाऊन 'अ‍ॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा. एप्रिल २०२५ मध्ये आलेली ही सोय आहे. मग त्या ग्रुपमध्ये एआयला बोलावता येत नाही, गप्पा एकत्र उतरवून बाहेर नेता येत नाहीत आणि फोटो आपोआप इतरांच्या गॅलरीत जात नाहीत. स्क्रीनशॉट मात्र काढता येतो, हे लक्षात असू द्या.

गूगल : शोधल्यावर वरच्या ओळीत 'वेब' हा पर्याय असतो. तो दाबला की एआयचं उत्तर जातं आणि साध्या लिंका उरतात. हे दर वेळी करावं लागतं.

जीमेल : सेटिंगमध्ये 'स्मार्ट फीचर्स' बंद करता येतात. त्याबरोबर जाहिरातींचे मेल वेगळे लावण्यासारख्या काही सोयीही जातात, म्हणून विचार करून ठरवा.

फोनचं बटण : सेटिंगमध्ये 'जेस्चर्स' किंवा 'साइड बटण' शोधा. तिथे दाबून धरल्यावर 'पॉवर मेनू' यावा, असं निवडा.

गोदामांच्या ऑफिसात एक्सेलवर काम करणाऱ्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टनं आपल्या वर्षाच्या पॅकेजमध्ये 'कोपायलट' हा एआय घातला आणि पर्सनल पॅकेजची किंमत १०९ डॉलरवरून १५९ डॉलर केली. एआय नसलेलं जुनं, स्वस्त पॅकेजही चालू होतं. पण ते दिसायचं कधी, तर ग्राहक सदस्यत्व रद्द करायला निघाला की. तिथल्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे २७ लाख ग्राहकांची दिशाभूल झाल्याचं म्हणत दावा लावला. पुढच्याच महिन्यात कंपनीनं माफी मागितली आणि पैसे परत देऊ केले. तेव्हा किंमत अचानक वाढली, तर 'एआयशिवाय स्वस्त पर्याय आहे का?' हे विचारायला लाजू नका.

आपल्याकडेही आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्यांना मनाई केली. त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. नको म्हटलं तरी पुन्हा पुन्हा टोकत राहणं आणि सदस्यत्व बंद करणं मुद्दाम अवघड करणं, या दोन्ही त्यात येतात. न मागता पैसे कापले गेले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार सांगता येते. आपल्या माहितीसाठी २०२३ चा वेगळा कायदा आहे. संमती मोकळेपणानं, समजून आणि नेमक्या कामापुरती दिलेली हवी, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर आपली राखण आपल्यालाच करायची आहे.

तर मैत्रिणींनो, बचत गटाच्या ग्रुपच्या ज्या ताई अ‍ॅडमिन असतील, त्यांनी आज रात्री जेवणं उरकली की ते एक सेटिंग चालू करावं. ज्यांना सापडणार नाही, त्यांनी घरातल्या शाळकरी मुलीला विचारावं. आणि आपलं झालं की शेजारणीच्या फोनमध्येही करून द्यावं.