आठ मिनिटांत शांघाय... म्हणजे जवळपास!

या गाडीला चाकं नाहीत. इंजीनही नाही, निदान गाडीत तरी नाही. आणि तरीही विमानतळ मागे पडतो न पडतो तोच ती आपल्या डेक्कन क्वीनला जन्मात जमला नाही असा वेग घेऊन मोकळी होते. शांघायची मॅग्लेव्ह! पुडोंग विमानतळ ते लाँगयांग रोड, अंतर 30 किलोमीटर, वेळ आठ मिनिटं. हिंजवडीच्या एका सिग्नलला आपण यापेक्षा जास्त वेळ उभे असतो.

ऑफिसच्या कामासाठी आम्ही दोघं शांघायला गेलो होतो. मी आणि आमच्या टीममधला एक नागपूरकर. हाँगकाँगला विमान बदलून सकाळी पुडोंगला उतरलो. दुसरा आख्खा दिवस मीटिंगांचा, पण पहिला दिवस मोकळा. मला मॅग्लेव्हचं जाम वेड. त्याला नाही. ''पन्नास युआन? काहून? मेट्रो सातात नेते न!'' पन्नास युआन म्हणजे आपले सहाशेच्या वर. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण शांघाय मेट्रोची लाइन 2 याच विमानतळावरून थेट गावात जाते आणि दोन्ही स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. मग पैज लागली. तो मेट्रोने, मी मॅग्लेव्हने. पीपल्स स्क्वेअर स्टेशनच्या बाहेर जो आधी पोचेल तो जिंकला, हरणाऱ्याने रात्रीचं जेवण द्यायचं.

फंडा काय आहे?

मॅग्लेव्ह म्हणजे मॅग्नेटिक लेव्हिटेशन. गाडीच्या दोन्ही कडा खाली वाकून काँक्रीटच्या मार्गाला मिठी मारल्यासारख्या बसतात. त्या कडांमधले इलेक्ट्रोमॅग्नेट मार्गाच्या खालच्या अंगाकडे ओढले जातात आणि गाडी वर उचलली जाते. किती वर? साधारण एक सेंटिमीटर. ही फट कायम राहावी म्हणून सेन्सर सतत करंट कमी-जास्त करत राहतात. पुढे ढकलायचं काम मार्गातच बसवलेली मोटर करते. म्हणजे नेहमीची गोल मोटर उलगडून तीस किलोमीटर अंथरून ठेवली आहे असं समजा. तंत्रज्ञान जर्मन, नाव ट्रान्सरॅपिड. 2002 च्या शेवटच्या दिवशी चीनचे पंतप्रधान आणि जर्मनीचे चॅन्सेलर यांच्या उपस्थितीत उद्घाटन झालं, नियमित सेवा 2004 पासून.

डब्याच्या टोकाला वेगाचा डिस्प्ले आहे आणि निम्मा डबा मोबाइल वर करून त्याचे फोटो काढत असतो. 100, 180, 250... दोन-सव्वादोन मिनिटांत 300. शेजारच्या हायवेवरच्या गाड्या रिव्हर्समध्ये चालल्यासारख्या दिसतात. वळणावर गाडी चांगली कलते. थरथरही जाणवते, 'पोटातलं पाणी हलत नाही' वगैरे अजिबात नाही. मध्येच एक 'धप्प' आवाज होतो आणि काच हादरते. समोरून येणारी दुसरी मॅग्लेव्ह! दिसते म्हणेपर्यंत गेलेली असते. त्या एका सेकंदासाठी माझे तरी पैसे वसूल.

पण खरी गंमत पुढे आहे. ही गाडी ज्या आकड्यासाठी जगप्रसिद्ध झाली तो 431 आता डिस्प्लेवर येत नाही. 2021 पासून कमाल वेग 300 वर आणला गेला. ऐकून वाईट वाटतं ना? मग हिशेब बघा. 431 च्या वेगाने हा प्रवास सव्वासात मिनिटांच्या थोडा वर व्हायचा, 300 च्या वेगाने आठच्या थोडा वर होतो. ताशी 131 किलोमीटर गेले आणि प्रवाशाचं नुकसान किती, तर जेमतेम पन्नास सेकंद! तीस किलोमीटरच्या रुळावर (रूळ नाहीत, पण शब्द दुसरा सुचत नाही) वेग घ्यायला आणि उतरवायलाच निम्म्याच्या वर अंतर जातं. 431 हा आकडा मिनिटभरही टिकत नसे.

आणि मग उतरायचं कुठे?

लाँगयांग रोडला. हे शांघायचं सेंटर नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं तिकीट काढावं आणि गाडीने सायनला 'उतरा' म्हणावं. तिथून बॅगा ओढत खाली, पुन्हा सिक्युरिटीच्या मशीनमधून बॅगा, आणि मग मेट्रो. कुठली मेट्रो? तीच ती, लाइन 2, जिच्यातून नागपूरकर येत होता.

पैजेचा निकाल: मी 57 मिनिटं, तो 71. जेवण त्याने दिलं, पण तोंड माझं उतरलं. माझ्या 57 मिनिटांत प्रत्यक्ष मॅग्लेव्ह आठच मिनिटं होती. बाकी सगळं चालणं, गाडीची वाट बघणं (ती पंधरा-वीस मिनिटांनी एक असते), बॅगा स्कॅन करणं आणि साधी मेट्रो. ''चौदा मिनिटांसाठी जवळपास पन्नास युआन जास्त,'' तो तळलेले बाओ खाता खाता म्हणाला. ''आपल्या पगारात बसते का?''

शहराच्या आत न्यायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. पुढे होंगचियाओ विमानतळ आणि थेट हांगझोउपर्यंत लाइन वाढवायचा बेत होता. मार्गाशेजारच्या सोसायट्यांतल्या लोकांना आवाजाची आणि रेडिएशनची भीती वाटली. जानेवारी 2008 मध्ये ते मोठ्या संख्येने पीपल्स स्क्वेअरच्या भागात जमले. मोर्चा म्हणायची सोय नव्हती, म्हणून म्हणाले, आम्ही फक्त 'फिरायला' आलोय! बेत बारगळला. हांगझोउला 2010 मध्ये चाकांवरची हायस्पीड रेल्वे गेली. तिकडे जर्मनीत म्युनिक विमानतळासाठी अशीच गाडी ठरली होती. खर्चाचा अंदाज तीन अब्ज युरोंच्या पार गेल्यावर मार्च 2008 मध्ये तीही रद्द झाली. ज्यांनी ट्रान्सरॅपिड बनवली त्यांच्याच देशात तिची एकही व्यावसायिक लाइन नाही.

शांघायने पुढचा धडा वेगळाच गिरवला. डिसेंबर 2024 मध्ये पुडोंग आणि होंगचियाओ हे दोन विमानतळ जोडणारी नवी लाइन सुरू झाली. चाकं आहेत, वेग 160, मॅग्लेव्हच्या निम्माच. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साधारण चाळीस मिनिटांत पोचवते, मध्ये गाडी न बदलता, आणि तिकीट मॅग्लेव्हच्या जवळपास निम्मं.

2000 च्या दशकात आपल्याकडे मुंबईचं शांघाय करायच्या घोषणा जोरात होत्या, आणि शांघाय म्हटलं की डोळ्यांसमोर हीच गाडी यायची. मुंबईला अखेर मिळाली ती अ‍ॅक्वा लाइन, ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली. वेग मॅग्लेव्हच्या एक तृतीयांशही नाही, पण टी-1 आणि टी-2 दोन्हीकडून बसता येतं आणि ती बीकेसी, वरळी, चर्चगेटला उतरवते. मला विचाराल तर शांघायपेक्षा हे बरं जमलंय. पुणेकरांनी मात्र अजून लोहगावहून रिक्षा करून रामवाडी गाठावं आणि मग मेट्रो धरावी. मुंबई आणि नवी मुंबईचे विमानतळ जोडणाऱ्या मेट्रो 8 चा बेत आहे. तिचा टॉप स्पीड किती असेल हे कुणी सांगू नये. रात्री एकच्या फ्लाइटने आलेल्याला गाडी मिळेल का आणि बॅगेसकट लिफ्ट चालू असेल का, तेवढं सांगावं. शांघायच्या मॅग्लेव्हची विमानतळावरून शेवटची गाडी रात्री पावणेदहाच्या आत सुटते.

तरी जाणार असाल तर एकदा बसाच. त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर पन्नासचे चाळीस होतात. परतीच्या दिवशी नागपूरकराने तेच केलं. त्याच्या मुलीला डिस्प्लेचा व्हिडिओ हवा होता.