सॅडल मोजून मारा

कॉन्ड्युट म्हणजे वायर झाकायची नळी एवढाच अर्थ धरला, तर पाइप भिंतीला पकडून ठेवणारी सॅडल कमी मारली तरी चालतील असे वाटते. पण कॉन्ड्युटचा खरा उपयोग असा की दहा वर्षांनी भिंत न फोडता जुनी वायर ओढून नवी घालता यावी. म्हणूनच आयएस 732 या भारतीय मानकात भिंतीवरच्या धातूच्या पाइपला जास्तीत जास्त 1 मीटरवर सॅडल आणि कपलर-बेंडच्या दोन्ही बाजूंना 30 सेंटिमीटरवर सॅडल सांगितले आहे. वायर ओढताना जास्त ताण वळणावर येतो. तिथेच पकड नसेल तर जोड निसटतो आणि उघड्या कडेवर वायरचे इन्सुलेशन सोलले जाते. पीव्हीसी तर मऊ, त्यामुळे त्याला आधार आणखी जवळ हवा. उन्हात तापमान 20 अंशांनी चढले की 3 मीटरचा पाइप साधारण चार मिलिमीटर वाढतो आणि सैल असेल तिथे झोळ पडतो.

“पाइप भिंतीच्या झिरीतच जाणार आहे, प्लास्टर धरेल की!” असे कुणी म्हणेल. ओले प्लास्टर काही धरत नाही. मोकळा पाइप बाहेर उसळतो, त्यावरचा थर पातळ राहतो आणि पुढे त्याच रेषेत भेग जाते. राहिला खर्चाचा प्रश्न, तर सॅडल आणि स्क्रूची गिट्टी भिंत पुन्हा फोडण्याच्या खर्चापुढे काहीच नाहीत. प्लास्टर चढण्याआधी टेप घेऊन एकदा मोजा.