टोमॅटोच्या पानावर ठिपके? आधी पान नीट बघा

मासळीच्या रिकाम्या थर्माकोल खोक्यात लावलेले टोमॅटोचे रोप वीतभर होते आणि एके सकाळी खालच्या पानावर तपकिरी डाग दिसतो. आपण लगेच औषध आणायला निघतो. थोडे थांबा. खारदांड्यासारख्या समुद्रकाठच्या कोळीवाड्यात पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर घ्यायचा.

डाग पानाच्या कडेला आणि टोकाला आहेत का? समुद्राकडच्या बाजूला जास्त आहेत का? कड कुरकुरीत वाळली असेल, तर ते बहुतेक मीठ. सकाळीच गोड्या पाण्याने पाने धुवा, म्हणजे उन्हात ती लवकर सुकतील, आणि रोपाला वाऱ्याचा आडोसा करा.

मीठ खालूनही येते. मासळी धुतलेले पाणी झाडाला मानवते, हे खरे. पण पहिले धुणे खारट असते, ते ओतू नका. खोक्याच्या तळाला भोके नसतील तर तेच मीठ मुळाशी साठते.

डाग पानाच्या मधोमध असतील, तर नीट बघा. एकात एक वर्तुळे, भोवती पिवळेपणा, सुरुवात खालच्या जुन्या पानांपासून: हा लवकर येणारा करपा, म्हणजे अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा रोग. बारीक गोल ठिपके, मध्ये राखाडी आणि त्यात काळे कण दिसले तर सेप्टोरिया, तीही बुरशीच. छोटे, काळपट, तेलकट ठिपके जिवाणूंचे असू शकतात. आणि पांढरी नागमोडी रेघ म्हणजे नागअळी. पानाच्या आत बोगदा करणाऱ्या या अळीवर बुरशीचे औषध वाया जाते. ते पान खुडले की पुरे.

करपा असेल तर पाने कोरडी असताना डागाळलेली पाने कात्रीने कापा, खोक्यात टाकू नका, कात्री पुसून घ्या. इथे हात आवरायला हवा. रोपाला सहाच पाने असतील तर दोनच काढा, नाहीतर रोप उपाशी मरेल.

बुरशी मातीतून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर वर चढते. म्हणून मातीवर नारळाच्या सोडणाचा काथ्या पसरा आणि पाणी सकाळी, फक्त बुडाशी घाला.

तरीही नव्या पानांवर ठिपके आले, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचे बुरशीनाशक, ५० टक्के भुकटी) लिटरला २.५ ग्रॅम. चमच्याने अंदाज नको, वजन करा. हातमोजे आणि मास्क घाला, वारा पडलेला असताना पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा. फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचे, ते पुडीवर वाचा. शेजारच्या वलांडीवर बोंबील वाळत असतील तर त्या दिवशी फवारणी नकोच.

जुना डाग औषधाने पुसला जात नाही. चार दिवसांनी तोच डाग बघून पुन्हा फवारणारे पुष्कळ आहेत. आपण शेंड्याची नवी पाने बघा.

रोप उपटल्यावर त्या मातीत वांगे, मिरची, बटाटा लावू नका, ही सगळी टोमॅटोचीच भावकी. मेथी पेरा.