अढी शिकवताना हात कुठे असतो?

मागच्या वेळी आपण पडण्याच्या भीतीबद्दल बोललो. आज त्या भीतीवरचा सगळ्यात जुना उपाय घेऊ : शिकवणाऱ्याचा हात.

मल्लखांबाची साधी अढी डोळ्यांसमोर आणा. नऊ-दहा वर्षांचं मूल एरंडेल लावलेला खांब धरतं, उलटं होतं आणि पायांनी विळखा घालतं. त्या क्षणी आपला गुडघा नेमका कुठे आहे हे त्याला कळतच नाही. स्नायूंना, सांध्यांना शरीराची जागा कळते हे खरं, पण उलटं झाल्यावर नवशिक्याचा गोंधळ उडतो. 'गुडघा वळव' असं दहादा ओरडून जे होत नाही, ते गुडघ्यामागे एकदा हात टेकवला की होतं. दुसरा हात कमरेशी. पकड सुटली तर मूल डोक्यावर पडू नये म्हणून. पुढे हा आधार कमी होत जातो. आधी पूर्ण तळवा, मग दोन बोटं, मग नुसता जवळ धरलेला हात. (हात लावणं सोपं असतं हो, वेळेवर काढणं अवघड!)

पण याच हाताआडून अत्याचारही होतात. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणी कोर्टात बोलल्या. 'उपचार' या नावाखाली तो हे करत होता, कधीकधी तर पालक त्याच खोलीत असताना. म्हणजे दार उघडं ठेवलं की झालं, असं नाही.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्वचेला त्वचेचा स्पर्श झाला नाही म्हणून त्यातलं लैंगिक हल्ल्याचं कलम लागत नाही, असा निकाल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी रद्द केला. महत्त्वाचा आहे तो लैंगिक हेतू, असं सांगितलं.

कोर्ट हेतू तपासू शकतं. मुलाला मात्र फक्त हात जाणवतो.

मग काही शिक्षक म्हणतात, नकोच ती भानगड, लांबूनच शिकवू. आम्हाला हे पटत नाही. खांबावरून सुटलेलं मूल सूचनेनं झेलता येत नाही. त्यापेक्षा आधी बोला : 'कमरेला धरतोय, अढी सुटली तर सावरायला. चालेल?' हे पालकांसमोर, सगळ्या मुलांना ऐकू जाईल असं एकदा सांगा. म्हणजे उद्या हात भलतीकडे गेला, तर 'हे ठरलेलं नव्हतं' हे मुलालाच कळेल. आणि मूल 'नको' म्हणालं, तर त्या दिवशी अढी नाही. खाली गादीवर, दुसरं काहीतरी.